घोडा मधल्या बोटावर उभा असतो

घोड्याच्या पुढच्या पायात अर्ध्यावर जो ठळक सांधा दिसतो, त्याला पहिल्या वर्षाची मुलं हमखास गुडघा म्हणतात. ते घोड्याचं मनगट. कोपर वर, छातीला चिकटून, कातडीआड असतं. मनगटाच्या खालचं लांबलचक एकटं हाड म्हणजे तळहाताचं, मधल्या बोटामागचं, आणि खूर म्हणजे त्या बोटाचं नख. चार-पाचशे किलोचं जनावर चार मधल्या बोटांच्या टोकांवर उभं राहतं, दौडतं, उभ्या उभ्या डुलकीही काढतं. मागच्या पायाचंही तसंच. घोड्याचा गुडघा उलटा वळतो असं ज्यांना वाटतं, ते खरं तर त्याच्या टाचेकडे बघत असतात.

मी पशुवैद्यक आहे आणि शरीररचना शिकवते. उत्क्रांती हा काही माझ्या तासाचा विषय नव्हे. घोडा, गाय, कुत्रा, डुक्कर, कोंबडी यांची हाडं, स्नायू, नसा आणि रक्तवाहिन्या मुलांच्या डोक्यात बसवायच्या, म्हणजे पुढे कुणी चुकीच्या जागी सुरी चालवणार नाही, एवढंच माझं काम. पण पाच जनावरांचे सांगाडे शेजारी शेजारी ठेवून शिकवायला लागलं की तो विषय न बोलावता वर्गात येऊन बसतो. मुलं विचारतात. विचारलं नाही तर मला काळजी वाटते.

शाळेच्या पुस्तकातलं ते चित्र आठवतं का? माणसाचा हात, मांजराचा पाय, देवमाशाचा पर आणि वटवाघळाचा पंख ओळीनं मांडलेले, सारख्या हाडांना सारखा रंग. वर एक हाड, खाली दोन, मग मनगटाची बारीक हाडं, मग बोटं. चित्राखाली लिहिलेलं असतं, समजात अवयव, म्हणून समान पूर्वज. दोन गुणांचा प्रश्न. या ‘म्हणून’पाशी मात्र कुणी थांबत नाही.

एक विद्यार्थी थांबला. म्हणाला, ‘मॅडम, सारखं दिसतं म्हणजे पूर्वज एक, हे कशावरून? एकाच कारागिरानं एकच आराखडा चार ठिकाणी वापरला असेल की!’ वर्ग हसला. मला मात्र प्रश्न आवडला, कारण तो झटकण्यासारखा अजिबात नाही. समजात अवयवांची व्याख्या १८४३ मध्ये ज्यानं केली, त्या ब्रिटिश शरीररचनाकार रिचर्ड ओवेनचंही म्हणणं साधारण असंच होतं. रूप आणि काम काहीही असो, वेगवेगळ्या प्राण्यांत असलेला तोच अवयव तो समजात, असं त्यानं मांडलं. त्याच्या मते पृष्ठवंशी प्राण्यांचा एक आदर्श नमुना होता आणि सगळे प्राणी त्या नमुन्याबरहुकूम घडलेले होते. डार्विनशी त्याचं पुढे चांगलंच वाजलं. १८५९ मध्ये डार्विननं पकडणारा माणसाचा हात, माती उकरणारा चिचुंदरीसारख्या मोलचा पंजा, घोड्याचा पाय आणि वटवाघळाचा पंख ही तीच हाडं घेतली आणि म्हटलं की हा नमुना कुणाच्या मनातला आराखडा नसून वारशानं आलेला आहे. म्हणजे पुरावा तोच, अर्थ दोन. इथेच तर घोडं पेंड खातं. नुसतं साम्य दाखवून हा वाद मिटत नाही. साम्य कुठल्या जातीचं आहे, ते बघावं लागतं.

माझा नियम साधा आहे. जे साम्य उपयोगाचं आहे, ते साक्षीला उभं करायचं नाही.

शार्क, डॉल्फिन आणि कोट्यवधी वर्षांपूर्वी नामशेष झालेला इक्थिओसॉर यांची चित्रं दुरून बघा. तेच निमुळतं अंग, तोच पाठीवरचा पर, तीच शेपटी. पण एक मासा, एक सस्तन, एक सरपटणारा. पाण्यातून वेगानं जायचं तर शरीराचा आकार असाच लागतो, म्हणून तिघांनाही तो आला. यावरून नात्याबद्दल काहीच कळत नाही. आता जरा जवळ जा. शार्कची शेपटी उभी असते आणि डावी-उजवी हलते. डॉल्फिनची आडवी असते आणि वर-खाली हलते. पोहण्यासाठी दोन्ही चालतात, मग डॉल्फिनची वर-खालीच का? भरधाव पळणाऱ्या कुत्र्याचा कणा बघा. तो वर-खाली कमानदार होतो, सरडा मात्र चालताना डावी-उजवीकडे वळवळतो. डॉल्फिन पाण्यात पोहतो तो चौखूर उधळणाऱ्या जनावराच्या कण्यानं. त्याच्या परात वरचं एक हाड, खालची दोन आणि पाच बोटं असतात. फक्त बोटांची पेरं आपल्यापेक्षा कितीतरी जास्त. शार्कच्या परात यातलं काहीही नाही.

पेपर तपासणाऱ्याला हे सांगावं लागत नाही. दोन उत्तरपत्रिकांत बरोबर उत्तरं सारखी आली तर दोघांनी अभ्यास केला असेल. पण सतराव्या प्रश्नात दोघांनी एकच विचित्र चूक केली असेल, तर मी बैठक व्यवस्थेचा तक्ता मागवते.

असल्या ‘विचित्र’ गोष्टी जनावरांत जागोजागी सापडतात. घोड्याच्या त्या एकट्या लांब हाडाच्या मागे, दोन्ही बाजूंना, दोन सडपातळ हाडं चिकटलेली असतात. वरच्या टोकाला बऱ्यापैकी जाड, खाली निमुळती होत होत संपतात आणि शेवटी एक बारीकशी गाठ. शांत स्वभावाचा घोडा असेल तर पायावरून अंगठा खाली फिरवत न्या, ही गाठ कातडीखाली लागते. ही दुसऱ्या आणि चौथ्या बोटामागची हाडं. पण बोटं कुठे आहेत? नाहीत. हाडं खाली कशालाही न जोडता मध्येच संपतात. आम्ही त्यांना स्प्लिंट म्हणतो. कोवळ्या वयात घोड्याला कामाला जुंपलं की त्यांना मधल्या हाडाशी बांधणारा अस्थिबंध दुखावतो, सूज येते, घोडा लंगडतो, आणि मालक आमच्याकडे येतो.

सुमारे साडेपाच कोटी वर्षांपूर्वीच्या घोड्याच्या पूर्वजाला पुढच्या पायाला चार आणि मागच्या पायाला तीन बोटं होती. नंतरच्या जीवाश्मांत तीन, मग बाजूची दोन आखूड होऊन जमिनीपासून उचललेली, मग एकच. ही सरळ रांग नव्हती, फांद्या फुटत गेलेलं झुडूप होतं, आणि बहुतेक फांद्या वाळून गेल्या. पण बोटांचा हिशेब लागतो. अधूनमधून एखादं शिंगरू बाजूला जास्तीचा छोटा खूर घेऊनही जन्मतं. गाईचं गणित वेगळं. तिनं तिसरं आणि चौथं अशी दोन बोटं राखली. त्यांच्या मागची हाडं एकमेकांत मिसळून एक झाली, पण हाडाच्या पुढच्या बाजूला मधोमध उभी खाच राहिली. हाड करवतीनं आडवं कापलं तर आत मधला पडदाही बऱ्याचदा दिसतो. मुलांना मी हे हाड आधी शब्द न बोलता देते. हे एक आहे की दोन, यावर त्यांनीच भांडावं.

इथे एक गोष्ट बोलून टाकते, कारण या विषयावर लिहिणारे फार सैल लिहितात. अवशेषांग, म्हणजे पूर्वजांकडून खुरटून उरलेला अवयव, निरुपयोगीच असतो, असं नाही. स्प्लिंटचं वरचं टोक मनगटाच्या हाडांना खालून आधार देतं. ते काढून टाकून चालत नाही. देवमाशाच्या पोटात कमरेची छोटी हाडं असतात, पायांशी त्यांचा संबंध उरलेला नाही, पण जननेंद्रियाचे स्नायू त्यांनाच धरून असतात. ‘बघा, त्याचाही उपयोग सापडला, म्हणजे उत्क्रांती खोटी’ असं कुणी म्हणालं की मी विचारते, आधार द्यायला बोटामागचंच हाड कशाला हवं होतं?

पण माझ्या मते सगळ्यात बोलका पुरावा हाडांत नाही, एका नसेत आहे. घशातल्या स्वरयंत्राचे स्नायू हलवणारी नस मेंदूकडून निघते. स्वरयंत्र तिथेच, हातभर अंतराच्या आत. सरळ जायला काय हरकत होती? पण डाव्या बाजूची नस मानेतून खाली उतरते, स्वरयंत्राला ओलांडून छातीत जाते, हृदयातून निघणाऱ्या महाधमनीला खालून वळसा घालते आणि पुन्हा मानेतून वर चढून स्वरयंत्रापाशी येते. अस्सल द्राविडी प्राणायाम. उजवीकडची जरा वर, दुसऱ्या धमनीला वळसा घालून परतते. जिराफात हा फेरा चार मीटरच्या वर जातो.

याचं उत्तर माशांत सापडतं. माशाला मान नाही. मेंदूकडून आलेल्या या नसेच्या फांद्या एकेका कल्ल्याच्या धमनीमागून सरळ आपापल्या जागी जातात, वाट जवळची असते. सस्तन प्राण्याच्या गर्भातही सुरुवातीला धमन्यांच्या तशाच कमानी तयार होतात आणि ही नस सहाव्या कमानीच्या मागून जाते. मग गर्भाला मान फुटते, हृदय छातीत उतरतं, आणि धमनीत अडकलेली नस तिच्याबरोबर खाली ओढली जाते. उजवीकडे त्या सहाव्या कमानीचा भाग विरून जातो, म्हणून नस वरच्या कमानीला अडकते. डाव्या-उजव्यातला फरकसुद्धा असा तंतोतंत जुळतो.

‘पण यात काहीतरी फायदा असेल’ हे वाक्य मी असंख्य वेळा ऐकलं आहे. काही थोड्या माणसांत, शंभरात एकापेक्षाही कमी, उजवीकडची ती धमनी भलत्याच वाटेनं तयार होते. मग नसेला अडकायला काही उरत नाही आणि ती थेट स्वरयंत्रात जाते. ही माणसं नीट बोलतात, गातातही. थायरॉइडची शस्त्रक्रिया करणारा सर्जन तेवढा बिचकतो, कारण नस नेहमीच्या जागी सापडत नाही. आणि तोटा बघायचा असेल तर उंच, मोठ्या घोड्यांकडे या. त्यांची डावी नस इतकी लांब की तिचे तंतू झिजतात, डावी स्वरपट्टी लुळी पडते आणि दौडताना श्वास आत घेताना घोड्याच्या घशातून घरघर निघते. हा रोग जवळजवळ नेहमी डावीकडेच होतो. विच्छेदनाच्या टेबलावर मी मुलांना ही नस छातीपासून वरपर्यंत बोटानं सोडवत न्यायला लावते. निम्म्या वाटेवर कुणीतरी हमखास विचारतं, ‘मॅडम, हे असं कुणी का करेल?’ अगदी हाच प्रश्न.

मानेचे मणके सात, उंदराला आणि जिराफालाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे, त्यात फार रमत नाही. देवमाशालाही सातच, मान म्हणावी असं काही नसताना चकत्यांसारखे दाबून बसवलेले. स्लॉथ आणि मॅनाटी हे काय ते अपवाद. हंसाला मात्र वीसच्या वर मणके असतात. म्हणजे लांब मानेला जास्त मणके देणं अशक्य नव्हतं.

कानाची गोष्ट याहून सरस आहे. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या मधल्या कानात एकच हाड, आपल्या कानात तीन. कुत्र्याची ही तीन हाडं काढून मी काळ्या कागदावर ठेवते, नाहीतर कुणीतरी शिंकतं आणि हाडं गायब. जास्तीची दोन आली कुठून? १८३७ मध्ये, म्हणजे डार्विनच्या पुस्तकाच्या बावीस वर्षं आधी, कार्ल राइशर्ट या जर्मन शरीररचनाकारानं डुकराचे गर्भ तपासले आणि दाखवलं की ही दोन हाडं जबड्याच्या टोकाशी तयार होतात. सरपटणाऱ्या प्राण्यांत ज्या दोन हाडांनी जबड्याचा सांधा बनतो, तीच ही. ऐकायला अचाट वाटतं. जबड्याचा सांधा कानात जाईपर्यंत तो प्राणी खात कशानं होता? लोंबत्या जबड्यानं?

उत्तर दगडात मिळालं. सुमारे २० कोटी वर्षांपूर्वीच्या मॉर्गेन्युकोडॉन या चिमुकल्या प्राण्याच्या जबड्याला दोन सांधे होते, जुना आणि नवा, शेजारी शेजारी. नवा सांधा काम करत असताना जुनी हाडं मोकळी होत गेली, आणि आवाजाची कंपनं तर ती आधीपासूनच पोचवत होती. दगडापर्यंत जायचं नसेल तर ऑपॉसम या पिशवीवाल्या सस्तन प्राण्याचं नुकतं जन्मलेलं पिल्लू बघा. आईला लुचत असतं तेव्हा त्याची कानाची हाडं अजून जबड्यालाच जोडलेली असतात.

एवढं सगळं असूनही आम्ही शरीररचनावाले कधी कधी वडाची साल पिंपळाला लावतो. देवमाशाचंच घ्या. त्याचे पूर्वज जमिनीवरचे सस्तन होते, यावर वाद नव्हता. कुठले, यावर होता. जुन्या देवमाशांचे त्रिकोणी दात मेसोनिकिड नावाच्या नामशेष मांसाहारी प्राण्यांच्या दातांशी जुळत होते, म्हणून १९६० च्या दशकापासून तेच पूर्वज मानले गेले. मग १९९० च्या दशकात डीएनएवाल्यांनी सांगितलं की देवमाशाचा जिवंत प्राण्यांतला सगळ्यात जवळचा नातलग पाणघोडा, म्हणजे तो गाय, शेळी, डुक्कर यांच्या कुळातला. दातवाले पुराजीवशास्त्रज्ञ हे मानेनात. दात मांस फाडण्यासाठी घडतात. मांस फाडणाऱ्या कुणाचेही तसे होऊ शकतात. माझा तो नियम इथेही लागू पडतो, पण हे आता म्हणणं सोपं आहे.

निकाल लागला तो घोट्यातल्या एका हाडावर. शेळीचं टॅलस तळहातावर घेऊन बघा. वरच्या टोकाला कप्पीसारखी खोबण, खालच्या टोकालाही तशीच. कुत्र्याच्या टॅलसचं खालचं टोक गोल डोक्यासारखं, आपलंही तसंच, घोड्याचं सपाट. वर आणि खाली अशी दुहेरी कप्पी फक्त समखुरी प्राण्यांत: डुक्कर, शेळी, हरीण, उंट, पाणघोडा. डोळे मिटूनही ओळखता येतं. पण आजच्या देवमाशाला घोटाच नाही. म्हणजे पायवाला देवमासा सापडला पाहिजे, आणि तोही घोट्यासकट. डीएनए खरं असेल तर त्यात दुहेरी कप्पी असेल. दात खरे असतील तर नसेल.

सप्टेंबर २००१ मध्ये एकाच आठवड्यात दोन गटांनी असे घोटे प्रसिद्ध केले, दोन्ही पाकिस्तानातल्या खडकांतले. पुराजीवशास्त्रज्ञ फिलिप गिंगरिचच्या गटाला रोडोसेटस आणि आर्टिओसेटस हे पायवाले देवमासे मिळाले होते, हान्स टेविसनच्या गटाला पाकिसेटस. कप्पी दुहेरी होती. गिंगरिच तोवर मेसोनिकिडच्याच बाजूचा होता. हाड बघून त्यानं मत बदललं. पुढे २००७ मध्ये टेविसनच्याच गटानं जम्मू-काश्मीरमधल्या कालाकोटजवळच्या इंडोहायस या लहानशा खुरी प्राण्याची कवटी तपासली. ती ज्या खडकात होती तो खडक भूशास्त्रज्ञ ए. रंगा राव यांनी कित्येक वर्षं आधी गोळा केला होता आणि तो त्यांच्या घरीच पडून होता. साफ करताना कवटी चुकून फुटली आणि कानाच्या हाडाची एक जाड भिंत दिसली, जी तोवर फक्त देवमाशांतच माहीत होती. पाय शेळीच्या कुळाचे, कान देवमाशाचा.

त्या विद्यार्थ्याला मी हेच सांगितलं. कारागीर एकच आराखडा पुन्हा वापरेल, हे मान्य. पण दात, डीएनए आणि घोटा यांची साक्ष वेगवेगळी निघू शकते, त्यातली कुठली टिकेल हे आधी सांगता येतं आणि मग दगड फोडून तपासता येतं. आराखड्याच्या कल्पनेतून मात्र देवमाशाचा घोटा कसा असेल, याचा कुठलाच अंदाज निघत नाही. तो सरळ ‘पटलं’ म्हणाला नाही. ‘बघतो’ म्हणाला, आणि टॅलस परत द्यायला विसरला.

न मिटलेला एक वादही मी शिकवते, कोंबडीच्या पंखाचा. त्यात तीन बोटं असतात. कुठली तीन? पक्षी ज्यांच्यापासून आले त्या डायनोसॉरच्या जीवाश्मांत आधी पाचवं आणि मग चौथं बोट खुरटत जाताना दिसतं, म्हणजे उरली पहिली, दुसरी, तिसरी. पण अंड्यातल्या पिल्लाच्या पंखात बोटांच्या जागा मोजल्या तर उरतात त्या दुसरी, तिसरी, चौथी. १९९९ मध्ये वॅगनर आणि गोथिए या शास्त्रज्ञांनी तोडगा मांडला की बोटं तयार होण्याच्या जागा चौकट सरकल्यासारख्या सरकल्या असाव्यात: जागा दुसऱ्या बोटाची, घडण पहिल्याची. बऱ्याच जणांना तो पटतो, सगळ्यांना नाही. परीक्षेत मी दोन्ही उत्तरांना पूर्ण गुण देते. आकडा लिहून कारण न लिहिणाऱ्याला शून्य.